जिरेटोपाची फीत

आमच्या सांगलीत कुणाला भेटायचं तर फोन करून जातात. पेडण्यात महाराजांना भेटायचं तर सकाळी आठाच्या आत जावं लागतं, कारण नंतर ते तुयेच्या कारखान्यात ड्युटीवर निघतात. हे मला जाण्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हार-नारळ घेऊन गेले नसते.

पण आधी मी तिथं का गेले, ते सांगते. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. गेली सहा वर्षं महाराजांवर कादंबरी लिहिते आहे. महाराज म्हटल्यावर कोणते, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मीही सांगत नाही. कादंबरी लिहिते म्हटल्यावर मात्र लोक विचारतात, "आणखी एक?" त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं, ते म्हणजे सोळावं प्रकरण. त्यात महाराज गोव्याच्या मोहिमेवर आहेत, नदीकाठी मुक्काम आहे, अंगात ताप फणफणला आहे, आणि भर सदरेत त्यांना ओकारी होते. सरदार एकमेकांकडे बघू लागतात. हा प्रसंग इतिहासात नाही, तो मी घातला. बखरींमध्ये महाराजांना साधं पडसंही होत नाही, याचा मला फार वर्षांपासून राग होता.

प्रकाशकांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, याला पारितोषिक मिळेल नाहीतर दगड. आधी तिकडच्या लोकांसमोर वाचा. त्यांनी ऐकून घेतलं तर ठेवू, नाहीतर काढू." ते प्रकरण काढलं तर उरलेली कादंबरी म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं अध्यक्षीय भाषण. मी बॅग भरली.

पेडणे

ज्या गावात गेले तिथले उल्हास मास्तर माझ्या ओळखीचे. हायस्कुलात मराठी शिकवतात आणि गावच्या नाट्यमंडळाचे चिटणीस आहेत. जत्रेत दरवर्षी गावकरीच ऐतिहासिक नाटक करतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात माझं वाचन, असं मास्तरांनी ठरवलं होतं. बसथांब्यावर त्यांनी मला स्कूटरवर घेतलं, घरी नेलं, पातळ भाजी आणि गरम उंडो पुढ्यात ठेवला. उंडो म्हणजे कडक पाठीचा गोल पाव. तो भाजीत बुडवून खायला लागलं की आपल्याकडच्या मिसळीबरोबरच्या पावाची कीव येते. माझा दुसरा उंडो चालू असताना मास्तर म्हणाले, "तुमचं सोळावं प्रकरण उद्या सकाळी महाराजांच्या कानावर घालूया. त्यांनी हो म्हटलं की झालं."

मला वाटलं, देवाला कौल लावायचा असेल. गोव्यात त्याशिवाय पान हलत नाही, असं ऐकलं होतं. सकाळी मी न्हाऊन, धुतलेली साडी नेसून, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन तयार झाले. मास्तर माझ्याकडे जरा चमकून बघत होते, पण शिक्षक असल्यामुळं गप्प बसले. स्कूटर देवळावरून पुढं गेली आणि एका कौलारू घरासमोर थांबली. दार उघडणाऱ्या बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हाराज न्हाताहात. बसा तुमी." आणि माझ्या हातातला नारळ घेऊन, "बरें केलें, आज सोलकढी जातली," म्हणत आत गेल्या.

हार घेऊन ओट्यावर बसलेली असताना मास्तरांनी मला सगळं समजावलं. नाटकात महाराजांची भूमिका करण्याचा मान गावसांच्या घराण्याचा. सध्या तो सगुण गावसकडे आहे. तालमीचा नारळ देवापुढं फुटला की त्या घटकेपासून नाटकाचा पडदा पडेपर्यंत सगुणला गावात कुणी सगुण म्हणत नाही. महाराज म्हणायचं. घरच्यांनीसुद्धा. आणि तेवढे दिवस महाराजांनी मासे खायचे नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण सोडून घरभर मिरवणाऱ्या आमच्याकडच्या लोकांना या त्यागाची कल्पना यायची नाही. गोव्यात महिनाभर मासे सोडणं म्हणजे घरातल्या घरात वनवास.

महाराज बाहेर आले. लुंगी, बनियन, बऱ्यापैकी पोट. दाढी मात्र अस्सल होती, टोकदार, नीट राखलेली. मी नकळत उभी राहिले. हाराचं काय करावं ते कळेना, म्हणून खुर्चीच्या पाठीला अडकवला.

"वाचा बाई," सगुण म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

मी वाचलं. चांगलं वाचलं. नदी आली, धुकं आलं, ताप आला, ओकारी आली. सगुणनं डोळे उघडले. तोवर घरगुती असलेला त्याचा आवाज एकदम छातीतून, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेल असा आला.

"बाई, आम्ही ओकत नसतो."

मी म्हटलं, "अहो, पण तेही माणूसच होते ना?"

"माणूस हांव आसा," तो पुन्हा आपल्या बोलीवर येत म्हणाला. "म्हाराज म्हाराज. पंचवीसेक वर्सां करतां हांव. तीन अंकांत खंयच ओकारी ना."

"नाटकात नसेल. पण खरोखर झाली नसेल कशावरून?"

"झाली आसत तर नाटकांत आयली आसती."

तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा, शोभाताईंचा आवाज आला, "म्हाराजांनू, गॅस सोंपलो. सिलिंडर बदला गे माय!" महाराज उठले, मागच्या दारानं सिलिंडर खांद्यावर घेऊन आत गेले आणि परत येऊन निकाल देते झाले. पंधरावं प्रकरण वाचा, सतरावं वाचा, पाहिजे तर दोन्ही दोनदा वाचा. सोळावं नाही.

परतताना मी मास्तरांना म्हटलं, "परवा नाटक संपेल. मग तर ते महाराज नसतील. तेव्हा विचारू."

"मग तो सगुण," मास्तर म्हणाले. "सगुणाला विचारून काय उपयोग? महाराजांनी नाही म्हटल्यावर मंडळ पुढं जायचं नाही."

मला राग आला, सरळ सांगते. सहा वर्षं दफ्तरखान्यांची धूळ खाल्ली, ती कारखान्यातल्या फोरमनच्या हो-नाहीसाठी? त्या दुपारी जेवणही सगुणकडेच होतं. शोभाताईंनी मला बांगड्यांचं हुमण वाढलं, नारळाच्या वाटपातलं, तिरफळाच्या वासाचं. महाराज सुट्टी टाकून घरीच होते. ते शेजारी वरण-भात कालवत बसले होते. माझ्या ताटाकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिखट बरें पडलां?" मी म्हटलं, फार छान. "काटे काडून खाया," असं म्हणून त्यांनी वरणाचा घास घेतला. थोडं सूड घेतल्यासारखं वाटलं. मी दुसरा बांगडा मागून घेतला.

डिचोली

दुसऱ्या दिवशी मास्तर नाटकाची ड्रेपरी आणायला डिचोलीला निघाले. ड्रेपरी म्हणजे भाड्याचे पोशाख, मुकुट, तलवारी. मीही व्हॅनमध्ये बसले. नाही तरी गावात बसून महाराजांचा चेहरा बघायची इच्छा नव्हती. खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरची झाडं कमरेपर्यंत तांबडी झाली होती. मास्तर म्हणाले, खाणी बंद असतात तेव्हा लोक रडतात, चालू असतात तेव्हा खोकतात.

वाट वाकडी करून आम्ही नार्व्याला गेलो. महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ, दारावर शिलालेख. सहा वर्षं मी त्याचा फोटो टेबलावर ठेवून लिहीत होते. प्रत्यक्ष समोर उभी राहिले तेव्हा चष्मा पुसून अक्षर अक्षर वाचलं. दगड कोरणाऱ्याचे हात इथं टेकले असतील, असं वाटत असतानाच बाजूला एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना सांगू लागले, "म्हाराज ह्याच जाग्यार उबे रावले."

"कुठं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "जरा कुशीक सरा, बाई."

मी सरले. पाहुण्यांनी त्या जागेचा फोटो काढला, मग तिथं उभं राहून स्वतःचा काढला. पुरावा कसा तयार होतो ते मी जवळून पाहिलं आणि मनात म्हटलं, याच लोकांपासून मला महाराजांना सोडवायचं आहे.

ड्रेपरीचं दुकान बाजारामागच्या माडीवर होतं. एका फळीवर रावणाची डोकी, दुसरीवर देवांचे मुकुट, तिसरी फळी जिरेटोपांची, आणि ती जवळजवळ रिकामी. आठवडा जत्रांचा. "व्हडले म्हाराज सगळे भायर गेल्यात," दुकानदार म्हणाला. "मदलो एक उरला." मधल्या मापाचा तो जिरेटोप त्यानं हातात दिला. मोती निम्मे गेलेले, मागं बांधायची फीत विटून दोऱ्यावर आलेली. "फीत जून आसा, ओडू नाकात हां," त्यानं बजावलं. मास्तरांनी मान हलवली आणि जिरेटोप माझ्या मांडीवर ठेवून व्हॅन चालू केली. पेडण्यापर्यंत स्वराज्य माझ्या मांडीवर होतं.

पुन्हा पेडणे

जत्रेतली नाटकं पूर्वी रात्रभर चालत आणि लोक पहाटेला घरी जात. आता दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून आमचं नाटक दुपारी चारला. उन्हं पत्र्यावर, पत्रा मांडवावर, आणि मांडवाखाली मखमली अंगरख्यात महाराज. वास्को आणि मुरगावला बंदरात, रेल्वेत कामाला असलेले गावकरी सुट्टी काढून आले होते. सकाळपासूनच खुर्च्यांवर टॉवेल, चादरी, एकीवर चक्क उशी ठेवून जागा धरलेल्या. आमची सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. तिथं पास मिळाला तरच आम्ही नाटकाला जातो, आणि मिळाला तरी पहिला अंक बुडवतो.

पाहुणी म्हणून मला मान द्यायचा, तर मंडळानं माझी खुर्ची रंगपटातल्या महाराजांच्या पडदा लावलेल्या कोपऱ्यात मांडली. तिथून रंगमंच अर्धाच दिसत होता, पण महाराज पूर्ण ऐकू येत होते. आणि मान्य करायला हवं, सगुण आत शिरला की तो सगुण राहत नव्हता. सिलिंडर उचलणारे तेच खांदे, पण ते वळले की मांडव गप्प होत होता. पहिल्या रांगेत शोभाताई बसल्या होत्या, नऊवारीत, नाकात नथ, नवऱ्याकडे अशा बघत होत्या जणू ओळखच नाही.

पहिला अंक संपला. पडदा पडला. महाराज आत आले आणि समोरच्या खुर्चीवर मटकन बसले. चेहरा लाल होता, तो रंगाचा असेल असं मला वाटलं होतं. पाण्याचा पेला देताना बोटं लागली आणि मला चटका बसला. ताप होता. साधासुधा नाही, फणफणलेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सकाळसून," तो पुटपुटला आणि घाईघाईनं इकडंतिकडं बघू लागला. मी काय ते ओळखलं. रंग पुसायची बादली पायानं त्याच्याकडे सरकवली, एका हातानं त्याचा जिरेटोप काढून घेतला, दुसरा हात कपाळाला लावला. आमच्या वर्गाच्या सहलीला पोरांना बस लागली की धरत असे तसा. सगुण गावस भडभडून ओकला. मध्ये श्वास घ्यायला थांबला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, दाढीला धार लागली होती.

"बाई," तो म्हणाला, "हांव ओकतां. म्हाराज न्हय."

"हो," मी म्हटलं.

"कोणाक सांगू नाकात."

त्याची मला इतकी दया आली की त्याच्यावरचा परवाचा राग कुठं गेला ते समजलंही नाही. नारळ फुटल्यावर भूमिका दुसऱ्याला देता येत नाही, हे मास्तरांनी सांगितलं होतंच. बाहेर पेटीवाला तेच पद तिसऱ्यांदा वाजवत होता. खुर्च्या कुरकुरू लागल्या. पडद्यापलीकडून मास्तरांचा आवाज आला, घाईत शुद्ध मराठी विसरलेला, "बाई, म्हाराज कित्याक थांबल्यात? कितें जालें?"

माझं सोळावं प्रकरण त्या बादलीत होतं. मी फक्त पडदा बाजूला करायचा होता. मास्तर बघतील, मंडळ बघेल, आणि महाराजांना ओकारी होते हे साऱ्या गावासमोर सिद्ध होईल. मी उठले, पडद्याच्या फटीत दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि म्हटलं, "काही नाही. जिरेटोपाची फीत तुटलीय. शिवते आहे. आलेच!"

शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय बोलले. बखरकारांना मी सहा वर्षं शिव्या घातल्या, लपवाछपवी करणारे म्हणून, आणि माझी पाळी आली तेव्हा मी एक श्वासही थांबले नाही. आता फीत तुटायला तर हवी होती. मी ओढली. डिचोलीचा दुकानदार खरं बोलला होता, ती दोऱ्यासारखी तुटली. मग माझ्या अंबाड्यातली मोठी पिन काढून ती कशीबशी अडकवली. मला साधं बटण लावता येत नाही, हे माझ्या सुनेला विचारा. पर्समधली तापाची गोळी सगुणला दिली, त्यानं चूळ भरली, दाढी पुसली, उठला. एकदा माझ्याकडे बघितलं, डोकं वाकवलं, मी जिरेटोप चढवला. दुसऱ्या अंकात त्यानं फिरंग्यांच्या वकिलाला असा दम भरला की पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

दुसरा दिवस

सकाळी पाव घेऊन पदेर आला. पाववाल्याला तिकडं पदेर म्हणतात. त्यानं सायकल उभी केली आणि मला न्याहाळून विचारलं, "म्हाराजांचो जिरेटोप शिंवलो ती बाय तुमी?" चहाच्या गाड्यावर गेले तर तिथं मी पदराची किनार फाडून फीत केली होती. देवळात पोचेपर्यंत ती किनार जरीची झाली होती, आणि नमस्कार करायला आलेल्या एका म्हातारीनं माझ्या नेसत्या साडीला जर नाही, हे बघून निराश होऊन मान हलवली.

सभामंडपाच्या पायरीवर सगुण भेटला. लुंगीऐवजी पँट, अंगावर शाल, डोळे खोल गेलेले. आता त्याला सगळे सगुण म्हणत होते. रात्रीपर्यंत वाट न बघता त्यानं सकाळीच तव्यावर बांगडा टाकायला लावला होता, तापातच, आणि निम्मा ताटातच ठेवला होता.

"सोळावें वाचा," तो हळूच म्हणाला.

"मास्तर काय म्हणतील?"

"हांवें सांगलां तांकां. काल सांगलां. पडदो पडचे आदीं." म्हणजे महाराज असताना सांगितलं होतं. त्यानं सगळा विचार केला होता. मला जे हवं होतं ते त्यानं नियमात बसवून माझ्या हातात ठेवलं होतं, आणि बदल्यात काहीच मागितलं नाही. पायऱ्या चढताना तोल गेला तेव्हा भिंतीला हात लावून, कुणी बघितलं नाही ना, ते बघून आत गेला.

मास्तरांनी माझी ओळख करून दिली. भूगोल, निवृत्ती, सहा वर्षांचं संशोधन, सगळं एका वाक्यात आटोपलं आणि फीत मात्र सविस्तर सांगितली. टाळ्या फितीला पडल्या. मी सोळावं प्रकरण उघडलं. मंडप भरलेला होता. पहिल्या रांगेत सगुण, शालीत, आपल्या पायाच्या बोटांकडे बघत. त्याच्या शेजारी शोभाताई, ताठ, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मला वाटत होतं.

नदी आली. धुकं आलं. ताप आला. पुढचं वाक्य मला पाठ होतं, माझ्या साऱ्या कादंबरीतलं ते माझं सर्वांत लाडकं वाक्य. मी ते बघितलं, सगुणच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं, आणि कागदावर नसलेलं वाचलं.

"महाराज उठून डेऱ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. सरदार काळजीत पडले. तेव्हा आतून त्यांना सांगण्यात आलं, जिरेटोपाची फीत तुटली आहे."

सगुणनं मान वर केली.

मी पुढं वाचत गेले. महाराज बाहेर आले, घोड्यावर बसले, नदी ओलांडली. प्रकरण संपलं. दगड कुणी उचलला नाही. प्रकाशकांना काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. प्रकरण राहील, आणि ते आता माझ्या आधीच्या प्रकरणापेक्षा बरं होतं, हेही मनातल्या मनात कबूल केलं. तेवढ्यात जरीसाठी निराश झालेली ती म्हातारी मागून उठली आणि खणखणीत आवाजात विचारती झाली, "आनी ती फीत कोणें शिंवली?"

सगळा गाव माझ्याकडे वळला. मी कागद चाळू लागले.

सगुण उभा राहिला. शाल खांद्यावरून घसरली. आवाज छातीतून आला, तिसऱ्या रांगेच्याही पलीकडे गेला.

"ते इतिहासाला ठाऊक नाही."

लोक हसले, टाळ्या पडल्या, मास्तरांनी नारळ आणायला सांगितलं. सगुण खाली बसला. शोभाताईंनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. समोर देवाकडे बघत त्यांनी शाल उचलून त्याच्या खांद्यावर टाकली, आणि हात मागं घेता घेता उलटी बोटं त्याच्या कपाळाला लावून पाहिली.